युनिटची रिकामी जागा

नलूताईंशी माझं शेवटचं बोलणं फोनवर झालं. सियालदहच्या फलाटावरून, जेमतेम मिनिटभर. त्याला महिना होऊन गेला, पण ते मिनिट काही सरत नाही...

ताई म्हणजे कोलकात्यातल्या आम्हा मराठी घरांचं हक्काचं माणूस. यजमान बँकेत, बदलीवर इथे आले आणि इथेच वारले. मूलबाळ नव्हतं, तरी ताई परत गेल्या नाहीत. एका इस्पितळाच्या रक्ततपासणी विभागात त्यांची सारी नोकरी झाली होती. आम्हा बदलीवाल्यांची एक खोड असते. राहायचं कोलकात्यात, पण विश्वास पुण्या-नागपूरच्या जुन्या डॉक्टरांवर. तिकडचे रिपोर्ट एका युनिटमध्ये, इथले दुसऱ्यात. मग फोन ताईंना. आपण आकडा वाचायचा, त्या वहीत पेन्सिलीने मांडून बदलून द्यायच्या.

माझा थायरॉईडचा रिपोर्ट आला तेव्हा मी रडकुंडीला आले होते. टी-फोर मागे एक पूर्णांक दोन होतं, आता एकदम सोळा.

"आधी युनिट वाच, मीना," ताई म्हणाल्या. "मागच्या लॅबने वजन सांगितलं होतं, ही रेणूंची संख्या सांगते. शंभर लिंबं नि शंभर वाटाणे एका वजनाचे भरतात का गं? म्हणून प्रत्येक हार्मोनचा भागाकार निराळा." मग त्यांनी सोळाला जवळजवळ तेराने भागलं. "होतीस तिथेच आहेस. चहा पी आता."

यंदा ताई स्वतःच थकल्या. वजन उतरलं, उठताना भोवळ यायची, जेवताना वरून मीठ घ्यायच्या. डॉक्टरांनी सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे आजारपणाचा ताण पेलायला लागणारं हार्मोन, तपासायला सांगितलं. नेहमीची लॅब बंद होती, म्हणून मीच त्यांना एस्प्लनेडजवळच्या दुसऱ्या लॅबमध्ये नेलं. त्यांचा फोन साधा बटणांचा, म्हणून रिपोर्टसाठी नंबर माझा दिला.

रिपोर्ट आला तेव्हा मी बजबजच्या लोकलची वाट बघत होते. तिथल्या तेल डेपोत माझी नोकरी. लगेच ताईंना फोन लावला.

"अठरा आलंय, ताई."

"युनिट?"

"नेहमीचंच असणार हो. गाडी आली, रविवारी येऊन दाखवते."

"मायक्रोग्रॅम असेल तर अठरा उत्तम. ये रविवारी. बघू, मग डॉक्टरांकडे जाऊ."

रविवारी मी गेले नाही. पुण्याहून नणंद आली होती, तिला शहर दाखवत फिरले. साधा फोनही केला नाही. बुधवारी ताईंना ताप आला, उलट्या सुरू झाल्या, शेजाऱ्यांनी इस्पितळात नेलं. मी पोचले तेव्हा रक्तदाब पार खाली गेला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या फोनवरचा रिपोर्ट पाहिला. "ये तो नैनोमोल में है. आपने देखा नहीं?" म्हणजे ही रेणूंची संख्या होती; अठराला साडेसत्तावीसने भागायचं होतं, धड एकसुद्धा भरत नव्हता. आकड्याशेजारी कमी असल्याची खूणदेखील छापलेली होती. इंजेक्शनं लगेच दिली, पण शरीर साथ देईना. दुपारी ताई गेल्या.

सगळे म्हणतात, वय झालं होतं. मला ते पटत नाही. वेळेवर कळलं तर साध्या गोळ्यांवर माणसं वर्षानुवर्षं जगतात, हे त्या डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं. मी खोदून विचारलं म्हणून सांगितलं... विचारायला नको होतं.

घर आवरायला आलेल्या पुतण्याने ताईंची वही माझ्याकडे दिली. "काकूंनी तुमच्यासाठीच ठेवली असती," म्हणाला. त्याला काही माहीत नाही आणि मला अजून सांगवलेलं नाही. वहीत चार रकाने आहेत. नाव, तपासणी, आकडा, युनिट. शेवटची ओळ त्यांची स्वतःची. कॉर्टिसॉल, अठरा. युनिटची जागा कोरी. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किंवा समोरच्याने वाचून दाखवल्याशिवाय ताई युनिट कधी लिहीत नसत. त्या कोऱ्या जागेपुढे पेन्सिलीने, बारीक अक्षरात एवढंच लिहिलंय... रविवारी मीना दाखवेल.