मास्तरांचं सावधान

उंबरा आला की आमचे घरमालक थिजत. पाय जणू खिळ्यांनी ठोकलेले. शाळेत तीस वर्षं कवायत घेतलेले हे मास्तर दारातच अडकत आणि मागे आम्ही भाडेकरू ऑफिसच्या गाडीसाठी रांगेत. हिंजवडीचा ट्रॅफिक आमच्यापुरता भुकूमच्या त्या घरातच सुरू होई.

डॉक्टरांनी ‘पार्किन्सन’ म्हणून सांगितलं. मास्तरांनी ते नाव हजेरीपटावर चढवलं. “लई बेशिस्त कार्टं हाय. चल म्हटलं की थांबतंय, थांब म्हटलं की हलतंय!”

तालावर चालून बघा, असं डॉक्टरांनीच सुचवलं. मास्तरांनी मला माळ्यावरची लेझीम काढायला लावली. मी छनछन केली आणि मास्तर उंबरा ओलांडून थेट अंगणात. मी थक्क. ते नाखूश. “ताल कच्चा हाय तुमचा.”

तालाची अडचण एकच. तो कोणाचाही चाले. एकदा टपरीपाशी अडकलेले मास्तर एका वरातीच्या बँडवर सुटले, ते मंगल कार्यालयात पोचले. नवरा-नवरी दोघंही अनोळखी. “बँड थांबला, मी थांबलो,” परतल्यावर म्हणाले. “जिलबी बरी व्हती.”

पंधरा ऑगस्टला शाळेत जायचं मात्र त्यांनी सोडलं होतं. राष्ट्रगीताला जो हलेल त्याच्या तळहातावर एक छडी, हा त्यांचाच नियम. आता सावधानमध्ये त्यांचाच उजवा हात थरथरे. “पोरं बघतील,” एवढंच म्हणत.

त्या वर्षी प्रमुख पाहुणा होता बाळू. मास्तरांचा जुना विद्यार्थी, जमीन विकून नुकताच आदरणीय झालेला. कडक इस्त्रीत, दोन गाड्या घेऊन तो दारात आला. “मास्तर, तुमी न्हाई तर मी झेंड्याला हात लावनार न्हाई.”

मास्तरांनी टोपी मागितली. “गाडी नगं. चालत येतो.” मी लेझीम घेतली.

राष्ट्रगीत सुरू झालं. अख्खं पटांगण स्तब्ध. एक हात तेवढा हलत होता. पोरं बघत होती. गीत संपल्यावर मास्तरांनी तोच हात बाळूपुढे धरला.

“हललो. मार.”

बाळूच्या खिशात चार पानी भाषण होतं; त्यातलं काही उपयोगी पडेना. त्यानं त्या हाताकडे नीट पाहिलं.

“न्हाई जमायचं, मास्तर. नेमच लागंना. लई हलतोय.”

आजारानं कोरा करून ठेवलेल्या मास्तरांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

परतताना शाळेच्या फाटकात पाय पुन्हा थिजले. बाळूनं माझ्या हातातली लेझीम घेतली आणि इस्त्रीची पर्वा न करता पुढे नाचू लागला. मागून मास्तर निघाले, पाऊल टाकत, ओरडत,

“गुडघा वर, बाळ्या! अजून वर!”