भाऊजींच्या वजनातली ओल

डोंगरात चालायला जायचं तर आधी हेलिकॉप्टरमध्ये बसावं लागतं, हे मला भाऊजींकडून कळलं. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. सौंसरला त्यांचा कापूस खरेदीचा धंदा आहे आणि घर ते दुकान हे दोनशे पावलांचं अंतर ते मोटारसायकलने कापतात. हिमाचलातली सहल त्यांनीच ठरवली. रस्ता नाही अशा उंच कुरणावर हेलिकॉप्टर सोडणार, वाटाड्या दिवसभर चालवणार, संध्याकाळी पुन्हा उचलून खाली.

ताईला चालायची हौस. दर शनिवारी ती जामसांवलीच्या मारुतीला पायी जाते. भाऊजींना हौस होती ती निघण्याची. बसस्टँडवर हार झाले, फ्लेक्स लागला. त्यात भाऊजींच्या मागे बर्फाचं शिखर होतं, जरा लहान दिसत होतं. एका वक्त्याने त्यांना ‘तालुक्यातले पहिले’ म्हटलं. कशातले पहिले, ते टाळ्यांत राहून गेलं. मीही सोबत निघालो होतो, पण फ्लेक्सवर मावलो नाही.

हेलिपॅडवर एक वजनकाटा होता. आमची वाटाडी पन्नाशीची, शांत पहाडी बाई. ती म्हणाली, “सौ किलो से ऊपर नहीं ले जाते.” अर्जात भाऊजींनी अठ्ठ्याऐंशी लिहिलं होतं, ते बहुधा लग्नातलं वजन असावं. काट्याने एकशे चार दाखवलं.

गेली तीस वर्षं भाऊजी शेतकऱ्यांच्या कापसातून ओलीचे किलो कापत आले आहेत. कोणी कुरकुर केली की ठरलेलं वाक्य ऐकवतात, “काटा खोटं नाही बोलत, भाऊ.”

“मॅडम, जॅकेट गीला है,” भाऊजी म्हणाले. “दो किलो नमी का काटो.”

“सर, नमी भी साथ ही उड़ेगी.”

मग जॅकेट उतरलं. त्याच्या आतून घडी केलेला एक छोटा फ्लेक्स निघाला, शिखरावर फडकवायचा. बूट उतरले, पट्टा उतरला. एकशे एक.

“अहो, काय करून राहिले? मोज्यांवर डोंगर चढता का?” ताई म्हणाली.

“तू थांब. मी बोलून राहिलो ना.”

“भाऊजी,” मी म्हटलं, “काटा खोटं नाही बोलत.”

“साळेबुवा, तुम्ही तर बोलूच नका.”

पण आवाजात दम नव्हता. बूट घालता घालता ते हळूच म्हणाले, “सौंसरात आता काय तोंड दाखवू?”

“मग मीही थांबते,” ताई म्हणाली, डोंगराकडे बघत.

“तू जा. चालायचं तुलाच होतं.”

वर मी दर दहा पावलांवर बसत होतो. ताई वाटाडीबरोबर पुढे गेली ती गेलीच. जामसांवलीची आरती गाठायची असावी अशी. पिवळ्या फुलांच्या उतारावर ती एकदाच थांबली, खाली बघून म्हणाली, “त्यांनी चिवडा खाल्ला असेल ना रे?” खाल्ला होता. डबा रिकामा करून भाऊजी हेलिपॅडवरच प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, फ्लेक्स मांडीवर.

सौंसरला उतरलो तर पुन्हा हार. “भाऊ, वर कसं होतं?” कोणीतरी विचारलं. भाऊजींनी ताईकडे पाहिलं. काट्यावर गाठोडं ठेवून शेतकरी त्यांच्याकडे पाहतात, अगदी तसं.

“वर हवा लई पातळ,” ताई म्हणाली. “भले भले धापा टाकून राहिले होते. माझ्या भावाला विचारा. यांना मात्र कणभर दम लागला नाही.”

टाळ्या पडल्या. मी मान हलवली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

कोणीतरी भाऊजींसाठी मोटारसायकल आणून ठेवली होती. तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. ताईच्या हातातली बॅग घेतली आणि गळ्यात हार तसाच ठेवून, भर बाजारातून, तिच्या मागोमाग घरापर्यंत पायी गेले. वाटेत दोनदा थांबले. दम लागला होता.