नीलव्वाचं घर आणि लग्नातला फोटो

गदगशेजारच्या बेटगेरीत चन्नवीरप्पानं जन्मभर मागावर साड्या विणल्या आणि दोन खोल्यांचं घर घेतलं. बायकोशी वाजलं की तो म्हणायचा, "माझ्या घरात माझंच चालणार." नीलव्वा भाकरी थापता थापता गालात हसायची.

ती का हसायची, ते ती गेल्यावर त्याला कळलं. दिवसकार्य आटोपल्यावर एकुलती लेक सुवर्णा, आजवर आई भरायची ती घरपट्टी भरायला गेली आणि परत येऊन म्हणाली, "अप्पा, घर आईच्या नावावर आहे."

"काहीतरीच काय," तो म्हणाला आणि मग त्याला आठवलं. घर घेताना मठातल्या स्वामींनी पत्रिका पाहून सांगितलं होतं की साडेसाती आहे, तुझ्या नावावर वीटसुद्धा टिकायची नाही. म्हणून नाव नीलव्वाचं लावलं. साडेसाती सरली, तशी ती गोष्टही तो विसरून गेला.

त्यात, साडेसातीची सावलीही नको म्हणून, खरेदीखतावर नाव माहेरचं. बापलेक कचेरीत गेले, तर कारकून म्हणाला, "ही बाई तुमची बायको होती याला पुरावा काय?"

"जन्मभर तिच्या हातचं जेवलो."

"खानावळीतही लोक जेवतात, अज्जा. लग्नातला फोटो आणा."

सुवर्णानं ट्रंकेतून फोटो शोधून नेला. कारकुनानं तो उजेडात धरला. "नवरीशेजारी फेटा बांधलेले हे तुम्ही?"

"नाही. तो मेहुणा. फकीरप्पा."

"मग तुम्ही कुठे आहात?"

चन्नवीरप्पा खिडकीबाहेर पाहू लागला. सांगणार काय? पंगतीत मेहुण्यानं पोळी वाढायला नाही म्हटलं म्हणून नवरदेव रुसून एसटी स्टँडवर जाऊन बसला होता. तेव्हापासून मेहुण्याशी बोलणं नव्हतं. नीलव्वाला माती देतानाही दोघं दोन टोकांना उभे होते.

"लग्नाला हजर असलेलं माणूस आणा. जबाब घेऊ," कारकून म्हणाला. हजर असलेल्यांपैकी आता उरला होता एकटा फकीरप्पा, तो रोण गावी राहायचा.

"मामाला फोन लावते," सुवर्णा म्हणाली.

"माझं नाव काढू नकोस."

"मग कुणाच्या लग्नाची साक्ष द्यायला बोलवू त्याला?"

फकीरप्पा आला, तो धुवट पटका बांधून. लग्न झालं, एवढंच सांगायचं होतं. त्यानं पंगतीपासून सुरुवात केली. रांगेतले लोक ऐकायला पुढे सरकले.

"पोळ्या यांनी तीन खाल्ल्या साहेब. चौथी मागितली तेव्हा पुरण संपलं होतं."

"दोन," चन्नवीरप्पा म्हणाला. मेहुण्याशी इतक्या वर्षांत बोललेला हा पहिला शब्द.

"तीन. वाढत मीच होतो, दाजी." फकीरप्पा कारकुनाकडे वळला. "फोटोवाल्याची गाडी निघायची वेळ झाली. अक्काच म्हणाली, तू उभा राहा. ते भूक लागली की येतील."

"आले का?" रांगेतल्या एका म्हातारीनं विचारलं.

"दिवस मावळायच्या आत आले."

कचेरीत हशा पिकला. चन्नवीरप्पा मान खाली घालून बसला. मग हळूच म्हणाला, "तिनं आपल्या ताटातली पोळी झाकून ठेवली होती माझ्यासाठी. ती चौथी."

कारकुनानं चष्मा पुसला आणि जबाबात लिहिलं: लग्न झाले होते.

पुढचं काम रेंगाळत का होईना, पण झालं. घरावर बाप आणि लेक दोघांची नावं चढली. चन्नवीरप्पाला आपलं एकट्याचं चाललं असतं, पण सुवर्णानं त्याला विचारलंच नाही.

जबाबाच्या दिवशी फकीरप्पाची रोणची गाडी चुकली, म्हणून तो मुक्कामाला राहिला. त्यानं चुलीवर आमटी केली. चन्नवीरप्पानं एक घोट घेतला आणि म्हणाला, "मीठ जास्त आहे."

"नाही. तुमच्या जिभेची खोड आहे ती, दाजी," फकीरप्पा म्हणाला आणि त्याला आणखी एक पळी वाढली.