खोट्या पणजोबांचा उपास

आमच्या कॉन्डोची लिफ्ट बंद पडली की सगळे वैतागायचे. आमचे शेजारी मात्र खूश व्हायचे. दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या घेऊन अकरा मजले चढायचे आणि वर पोचल्यावर म्हणायचे, "आमचे खापरपणजोबा चार महिने चालले होते."

मंडळी, हा गृहस्थ अमेरिकेतल्या युटाहचा, धर्माने मॉर्मन, पाच मुलांचा बाप आणि सिंगापूरच्या बुओना व्हिस्टाला आमचा समोरच्या दारातला शेजारी. चहा-कॉफी त्यांच्यात वर्ज्य. माझी बायको त्यांना कपबशीत नुसतं गरम पाणी द्यायची, आणि ते मिटक्या मारत प्यायचे. अशा माणसावर जळणं अवघड. मी ते करून दाखवलं.

दर सोमवारी संध्याकाळी त्यांचं अख्खं घर एकत्र बसायचं. कधी कधी मला आणि माझ्या आठ वर्षांच्या मुलीला बोलावणं असायचं. मग खापरपणजोबा सुरू. डेन्मार्कचा सुतार. नव्या धर्मासाठी गाव सोडलं, समुद्र ओलांडला, आणि पुढे बायको-मुलांसह हातगाडी ओढत वाळवंटाकडे चालत निघाला. पहिला हिवाळा जमिनीत खणलेल्या खोलीत काढला. मग डोंगरातून पाट आणला, पीचची झाडं लावली. पुढे दुसरी बायकोही केली, हेसुद्धा शेजारी न लाजता सांगायचे. माझ्या बायकोने विचारलं, पहिलीला काय वाटलं ते कुणी लिहून ठेवलंय का? ठेवलं होतं. पहिलीने डायरीत एवढंच लिहिलं होतं की नवी पाव बरा भाजते.

बघा म्हणजे! यांच्याकडे सवतीच्या पावाचीसुद्धा नोंद, आणि मला पणजोबांचं नाव माहीत नाही. वडिलांच्या श्राद्धाला गुरुजींनी विचारलं तेव्हा मी खोकून वेळ मारून नेली होती. शेजाऱ्यांचं पाच वर्षांचं शेंडेफळ खापरपणजोबांच्या गाडीला चाकं किती ते सांगायचं. मी मात्र मनातल्या मनात जळायचो.

एका सोमवारी माझी मुलगी मला म्हणाली, "बाबा, आपलं कोण चाललं होतं?"

काय सांगू, माझ्या अंगात नाटक संचारलं. मी उभा राहिलो. आमचे पणजोबा, राघोबा नाव, दुष्काळात कोकणातून घाट चढून निघाले. पाठीवर तांब्याचा हंडा, कडेवर तान्हं मूल, मागे बायको आणि एक आंधळी गाय. आंधळी का, ते मलाही माहीत नाही. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. मुलगी तर फुलून गेली होती. बायको मराठीत हळूच म्हणाली, "खोटं बोलताना तुझे हात फार हलतात." मी हात खिशात घातले आणि शेवटचा घाव घातला. तीन दिवस अन्नाचा कण नाही, आणि तिसऱ्या रात्री ते मूल गेलं.

टाळ्या येतील असं वाटलं होतं. शेजाऱ्यांनी शेंडेफळाला मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाले की त्यांच्या खापरपणजोबांचीही धाकटी मुलगी वाटेत भुकेने गेली. ही गोष्ट त्यांनी आजवर कधी सांगितली नव्हती. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते लोक उपास करतात, पाणीसुद्धा पीत नाहीत. "या रविवारचा उपास," ते म्हणाले, "मी तुमच्या राघोबांच्या मुलासाठी करीन."

आता आली का पंचाईत! नसलेल्या बापाच्या नसलेल्या मुलासाठी एक सज्जन माणूस तहानलेला राहणार. आणि खरं सांगावं, तर माझी मुलगी तोवर शाळेत, बसमध्ये, खालच्या सुरक्षारक्षकालासुद्धा राघोबा सांगून आली होती.

रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. मुलगीही मागोमाग आली; तिला टाळता आलं नाही. त्यांचे ओठ सुकलेले होते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

ते काही बोलायच्या आधी मुलगीच तिच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत बोलली. "So we got nobody, lah?"

त्या 'nobody'ने मी इतका लहान झालो, की त्यांच्या शेंडेफळाशेजारी चटईवर बसवला असता तरी चाललं असतं.

ते तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. म्हणाले, "आहेत. बाबांनी अजून विचारलं नाही, एवढंच." त्यांनी उपास सोडला नाही. रागावलेही नाहीत, आणि त्याचाही मला हेवा वाटला.

त्याच संध्याकाळी मी चिपळूणला आत्याला फोन लावला. नव्वदीची बाई. मुलगी कानाला कान लावून बसली. आत्या खो खो हसली. "कसला घाट नि कसली गाय? माझा आजा गणू. पाण्याला भ्यायचा. उभ्या जन्मात नदीपलीकडे गेला नाही. लग्नाला नवरीकडचेच होडीत बसून आले." मी खचलो. तेवढ्यात ती म्हणाली, "पण पानावर बसायच्या आधी रोज वाटेवर जाऊन उभा राहायचा. कुणी उपाशी चाललंय का बघायला. कुणी मिळालं की हाताला धरून घरात आणायचा. आजी करवादायची, पण वाढायची."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांना सांगायला गेलो. बोलली मुलगी. हात अजिबात न हलवता.

त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "आमच्या माणसांना वाटेत हा भेटायला हवा होता."

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. दारात टॅक्सी उभी, पाच मुलं, डझनभर बॅगा. निघताना त्यांनी माझ्या मुलीकडून 'गणू'चा उच्चार पुन्हा तीनदा करून घेतला, आणि गाडीत बसल्यावर काचेतून तिच्याकडे एकदा पाहिलं. ती नजर मी लगेच ओळखली. त्यांच्या खापरपणजोबांवर तशीच नजर मी दोन वर्षं लावून बसलो होतो.