आम्ही दोघी जिनोआला गेलो

निघायच्या आदल्या संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला तो पडलेल्या चेहऱ्यानंच. र्युसेल्सहाइमला त्याच्या प्रोजेक्टच्या चाचणीत काहीतरी बिघडलं होतं आणि सकाळीच त्याला तिकडे पोचायचं होतं. "आल्झो, म्हणजे जिनोआ रद्द," असं म्हणत त्यानं बूट काढले.

सासूबाई तेव्हा आमच्या गेर्लिंगेनच्या स्वयंपाकघरात वाटेत खायला दशम्या करत होत्या. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच जर्मनीला आल्या होत्या. चिपळूणच्या शाळेत त्यांनी नोकरीभर भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर इटलीचा बूट काढायचा आणि वरच्या बाजूला, समुद्र जिथे जमिनीत शिरतो तिथे ठिपका देऊन 'जिनोआ' लिहायचं. ते बंदर एकदा बघायचंय, एवढंच त्यांनी आल्या आल्या सांगितलं होतं. रोम नको, व्हेनिसही नको.

दशमी उलटत त्या म्हणाल्या, "हिला गाडी येते की."

"अगं आई, मध्ये आल्प्स आहे," नवरा म्हणाला.

"असू दे. नकाशा मी बघते."

माझं जर्मन लायसन्स तेव्हा जेमतेम सहा-सात महिन्यांचं होतं, तेही दुसऱ्या खेपेला मिळालेलं. बाजारहाट आणि शेजारच्या स्टुटगार्टच्या चढउताराच्या रस्त्यांवर दोनचार फेऱ्या, यापलीकडे मी गाडी नेली नव्हती. दोघंही माझ्याकडे बघत राहिले. "जाऊ या," मी म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

सकाळी आम्ही ऑटोबानच्या महामार्गाला लागलो. सासूबाई शेजारी नकाशा उघडून बसल्या होत्या, साडीवर माझं जाड जॅकेट आणि पायांत पांढरे स्पोर्ट्स शूज. फाटा येण्याच्या बऱ्याच आधी त्या शांतपणे सांगायच्या, "आता डावीकडे राहा." एकदाही चुकल्या नाहीत. स्वित्झर्लंडात डोंगराच्या पोटातला तो न संपणारा बोगदा आला, तेव्हा मात्र मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. डाव्या अंगाला समोरून ट्रकमागून ट्रक अंगावर येत होते.

"आई, मला भीती वाटतेय," मी म्हणाले. लग्नानंतर त्यांच्याजवळ असं काही मी पहिल्यांदाच बोलले.

"वाटणारच. ट्रककडे बघू नकोस. उजवीकडची पांढरी रेघ धर." आणि त्यांनी मला सांगायला सुरुवात केली, पहिल्यांदा मोपेड घेतली तेव्हा शाळेच्या उतारावर त्या दोनदा कशा पडल्या आणि मुलांनी बघू नये म्हणून कशा लगेच उठल्या. मला हसू आलं. हसता हसता समोर उजेड दिसला. पलीकडे पाट्या इटालियन झाल्या होत्या आणि ऊन पडलं होतं.

खरी परीक्षा जिनोआत झाली. हॉटेल शोधताना मी एका गल्लीत शिरले आणि ती गल्ली पुढे जाता जाता निमुळतीच होत गेली. दोन्ही बाजूंना पाचसहा मजली घरं, वर आडव्या दोऱ्यांवर वाळत घातलेल्या चादरी, आणि शेवटी चक्क पायऱ्या. मागे स्कूटर येऊन थांबल्या, त्यांच्यामागे भाजीचा टेम्पो. हॉर्न सुरू झाले.

सासूबाई दार जेमतेम उघडून बाहेर पडल्या. गाडीच्या मागे जाऊन त्यांनी हात वर केला, वर्गात गलका झाल्यावर करत असतील तसा, आणि खणखणीत मराठीत म्हणाल्या, "थांबा जरा. मागे व्हा सगळे." स्कूटरवाले मागे सरले. टेम्पोही सरला. मग मला म्हणाल्या, "ये आता. सावकाश. चाक सरळ ठेव." मी आरशात फक्त त्यांचा हात बघत गाडी मागे घेतली. भिंतीला साधा ओरखडाही न लावता बाहेर पडले, तेव्हा एका स्कूटरवाल्यानं टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी त्याला मान डोलावून पोच दिली.

माझी दुसरी काळजी जेवणाची होती. त्या अंडंसुद्धा खात नाहीत. पण संध्याकाळी त्या अंधाऱ्या गल्ल्यांतून बंदराकडे जाताना त्या मध्येच थबकल्या. "अगं, डाळीच्या पिठाचा वास येतोय."

वासाच्या मागावर आम्ही एका जुन्या दुकानात पोचलो. आत लाकडाची भट्टी धगधगत होती आणि तिच्यातून मोठ्या परातीएवढं तांब्याचं भांडं बाहेर येत होतं. त्यात सोनेरी, कडेनं खरपूस झालेला एक जाड पोळा. 'फारिनाता' म्हणतात त्याला. मी खुणांनी विचारायला लागले, तर दुकानाची मालकीण सरळ जर्मनमध्ये बोलली. तरुणपणी तिनं काही वर्षं स्टुटगार्टच्या कारखान्यात काढली होती. हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ, बाकी काही नाही, ती म्हणाली.

"अंडं?"

"नाइन," मालकिणीनं नकारार्थी मान हलवली.

सासूबाईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "हिला विचार, पीठ किती वेळ भिजवते." मी दोघींच्या मध्ये दुभाषी झाले. पीठ सकाळीच भिजवायचं, वरचा फेस काढून टाकायचा. सासूबाई प्रत्येक गोष्ट परत विचारून खात्री करत होत्या आणि मालकीण "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, म्हणत राहिली. मग तिनं आत जाऊन हिरव्या चटणीची वाटी आणली. सासूबाईंनी आधी तिच्यावर ठेवलेलं पान हुंगलं आणि ओळखलं, "ही तर सब्ज्याची पानं." दोघींनी मिळून माझ्यापेक्षा जास्त गप्पा मारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीच्या दुकानात माणसं तेल माखलेली खारट पावाची पट्टी दुधाच्या कॉफीत बुडवून खात होती. त्या चहात चपाती बुडवतात म्हणून नवरा त्यांना घरी चिडवायचा. त्यांनी निवांतपणे पट्टी बुडवली. "त्याला सांग हे," एवढंच म्हणाल्या.

नंतर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं संगमरवरी चर्च पाहिलं आणि गावातल्या जुन्या सार्वजनिक लिफ्टनं टेकडीवर गेलो. वर कठडा होता. खाली राखाडी पाटीच्या दगडाची छपरं, त्यांच्यापलीकडे बंदर, क्रेन, पांढरी जहाजं, टोकाला उंच दीपगृह, आणि दोन्हीकडे वळत गेलेला किनारा. सासूबाई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. मग त्यांनी बोटानं हवेत किनाऱ्याची रेघ ओढली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"बरोबर काढत होते मी," त्या म्हणाल्या.

मी त्यांचा हात धरला. तिथे उभी असताना मला वाटलं, आता मला कुठेही जाता येईल.

परतीच्या वाटेवर बोगद्यात मी त्यांना माझ्या लायसन्सच्या परीक्षेचे किस्से सांगत होते. गेर्लिंगेनला पोचलो तेव्हा नवरा खाली वाट बघत उभा होता. त्यानं सवयीनं किल्लीसाठी हात पुढे केला. "उतर तू, मी गॅरेजमध्ये घेतो."

"अरे, तू बॅगा घे," सासूबाई म्हणाल्या. "गाडी ती घेईल."

त्यानं बॅगा घेतल्या. मी गाडी आत नेली.