वाळीत टाकलेलं घर

लग्न होऊन मी कोल्हापूरकडून रत्नागिरीजवळच्या या वाडीत आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. नवरा मुंबईला नोकरीला, गणपती-शिमग्याला येणारा. घरी सासू-सासरे, म्हणजे आई-बाबा, आणि मी. सकाळच्या एसटीने मी शहरातल्या शाळेत शिकवायला जाते. वाडी लहान. कुणाच्या चुलीवर आज कसलं कालवण आहे ते रस्त्यावरून जाताना कळतं.

काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर देवळाकडे जाणारा रस्ता रुंद करायचं निघालं. वळणावरच्या घरातले काका आड आले. रस्त्यासाठी त्यांचा चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, पाडावा लागणार होता आणि गडग्याला लागून असलेली हापूसची कलमं तोडावी लागणार होती. काका म्हणाले, "गडगा पाडा. कलमांना हात लावू देणार नाय."

देवळात वाडीची बैठक बसली. सासरे आणि ते काका लहानपणापासूनचे सोबती, रविवारी खाडीवर मासे धरायला गरी टाकून बसायचे. मला वाटलं, बाबा मधे पडतील. ते परत आले, सदरा खुंटीला लावला आणि म्हणाले, "ठरलं. त्यांच्याकडे जायचं नाय, बोलायचं नाय."

"असं कोण म्हणालं?"

"सगळेच."

"आणि तुम्ही?"

"मी काय म्हणणार? सगळ्यांनी मान हलवली, मीपण हलवली."

कुणाला वाळीत टाकणं हा गुन्हा आहे हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं. म्हणून कागदावर काही आलं नाही. नुसत्या माना हलल्या आणि दुसऱ्या दिवसापासून वाडी तसं वागू लागली.

त्या घरातल्या काकू काजूच्या कारखान्यात जायच्या, माझ्याच एसटीने. थांब्यावर आम्ही दोघीच असलो की पहिल्यासारख्या बोलायचो. वळणावर तिसरं कुणी दिसलं की बोलणं आपोआप तुटायचं. गंमत म्हणजे आधी काकूच बाजूला सरकायच्या, मला अवघड होऊ नये म्हणून. मग आलेली बाई माझ्याशी हवापाण्याचं बोलायची, आणि आम्ही दोघी काकूंकडे पाठ करून उभ्या राहायचो. ती बाई मनाने काही वाईट नव्हती, पण दोघी झालो की आम्ही वाडी व्हायचो.

पौषात मोहोरावर फवारणी करताना काका शिडीवरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. त्यांचा मुलगा आखातात, घरी काकू एकट्या. बातमी कळली त्या संध्याकाळी आईंनी मऊभात केला, डब्यात भरला, वर लोणच्याची फोड ठेवली आणि डबा माझ्या हातात दिला.

"परसातून जा गो. आणि ह्यांना बोलू नको."

मी मागच्या कुंपणातून गेले. काकूंनी डबा घेतला, माझा हात क्षणभर धरला आणि म्हणाल्या, "लवकर जा, कुणी बघेल." पुढे आठवड्यातून एक-दोनदा तरी मी तशी जात राहिले. आख्ख्या वाडीत आपणच एक घर फितूर आहोत असं वाटायचं. बाबा जेवताना कधीतरी सहज विचारायचे, "त्याचा पाय कसा आहे म्हणतात?" आई म्हणायच्या, "मला काय ठाऊक?"

शिमगा आला. पालखी वाडीतल्या प्रत्येक घरी जाते. यंदा त्या घरी न्यायची की नाही, हे ठरवायला पुन्हा देवळात बैठक बसली. या वेळी आम्ही बायकाही कडेला बसलो होतो. बोलणं सुरू होतंय तोवर काकू आल्या. डोक्यावर मोठी टोपली. ती त्यांनी मधोमध उतरवली.

"पालखीचं काय ते तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या. "शिमग्याला पाहुणे येतील म्हणून मांडणी आवरायला घेतली. ही भांडी आमची नाहीत. ज्याची त्याने ओळखून घ्या."

एकेक करून त्यांनी भांडी जमिनीवर मांडली. डबे, वाट्या, पितळेची झाकणी, एक कासंडी. आमच्याकडे भांड्यांवर नावं घातलेली असतात. कुणाच्या लग्नात आलेली, कुणाच्या बारशाची, सगळी ती नावं दिव्याच्या उजेडात वर तोंड करून पडली होती. आमचा डबा मला लगेच दिसला. वाडीचे मानकरी गावकर, त्यांच्या घरचा तांब्याही दिसला, आणि पहिली बैठक तर त्यांनीच बोलावली होती.

कुणी हलेना. मग बाबा उठले. मला वाटलं ते आमचा डबा उचलणार. त्यांनी गरीवर न्यायचा, मासे ठेवायचा आपला जुना अॅल्युमिनियमचा डबा उचलला.

"हा माझा," ते म्हणाले. "काळुंद्रं लागली होती. त्याला आवडतात."

माझ्या शेजारून आई जोरात म्हणाल्या, "अगोबाई! म्हणजे तुम्हीपण?"

देऊळ हसलं. मग माणसं उठू लागली. जो तो आपलं भांडं उचलून म्हणत होता, "मला वाटलं आम्हीच." गावकरांनी तांब्या उचलला, तो धोतराने उगाच पुसला आणि म्हणाले, "पालखी जाईल." पुढे रस्त्याचंही मिटलं. कलमं राहिली, रस्ता तिथे थोडा निमुळता झाला, गाड्या जातात.

पण त्या हसण्यात एक बाई नव्हती. काकूंच्या लगतच्या घरातल्या वहिनी. दोघी दर वर्षी एकत्र फणसपोळी घालायच्या, एकमेकींच्या बाळंतपणाला धावलेल्या. टोपलीत त्यांचं काहीच नव्हतं. वाडीने सांगितलं ते त्यांनी खरं मानलं होतं आणि पाळलं होतं.

घरी जाताना त्या आमच्याबरोबर होत्या. वाटेत थांबून आईंना म्हणाल्या, "मी कुंपणापाशी उभी राहून रडायचे. तिचा नवरा आत कण्हायचा, मला ऐकू यायचं. वाडीचा शब्द मोडायचा नाही म्हणून नाही गेले. आणि तुम्ही सगळे जात होतात. मला एकीने तरी सांगायचं."

आम्ही वहिनींपासूनच तर लपवत होतो.

पालखी त्या अंगणात नाचली तेव्हा वहिनी आपल्या ओटीवरच बसून राहिल्या. काकू नारळ-गूळ घेऊन स्वतः त्यांच्याकडे गेल्या. काय बोलल्या ते ढोलांच्या आवाजात ऐकू आलं नाही. पण बऱ्याच वेळाने बघितलं तर दोघी ओटीवर बसल्या होत्या, पालखीकडे पाठ करून, आणि वहिनी काहीतरी खूप रागाने सांगत होत्या, आणि काकू ऐकत होत्या.