टाकी पोटात, इंजिन नाकात

सोमा मढवीला काल्हेरात कुणी वेडा म्हणत नाही. ज्याला गोदामाचं भाडं येतं त्याला आमच्याकडे हौशी म्हणतात. गावात एकेकाची हौस ठरलेली. कुणाला बैल, कुणाला क्रिकेटच्या टुर्नामेंटी, कुणाला हळदीला दणदणीत बेंजो. सोमाला विमानं. रिमोटवरची खरी, पण खेळणी म्हणायची सोय नाही. पंख जोडले की ओटीवर माणसाला बसायला जागा उरत नाही एवढं धूड!

उडवायचं कुठं? तर खाडीच्या अंगाला मढव्यांच्या जमिनीचा शेवटचा तुकडा उरलाय, तिथं. बाकी सगळीकडे पत्र्याची गोदामं उभी राहिली. या तुकड्यात पावसाळ्यात भात लागतं, आणि कापणी झाली की सोमा रोलर फिरवून विमानापुरती पट्टी सपाट करतो. एका बाजूला ट्रकांचा रस्ता, दुसऱ्या बाजूला चिखल आणि तिवरांची झाडं. सातबाऱ्यावर नावं तिघांची. थोरला भाऊ, ज्याला अख्खं गाव भाऊच म्हणतं, सोमा, आणि सोमाची बायको कमळा. म्हाताऱ्या सासऱ्याचं शेवटपर्यंत सगळं तिनंच केलं, म्हणून त्यानं जाण्याआधी तिचं नाव चढवून ठेवलं होतं. भाऊला हा तुकडाही गोदामाला द्यायचा होता, आणि कमळाची त्याला ना नव्हती. विमान म्हणजे तिची सवत. एकटा सोमा आडवा बसला होता.

मग वैशाखात ते झालं.

सोमानं विमान वर घेतलं, नाक सरळ आभाळाकडे. वर जाता जाता इंजिन खोकलं आणि गप्प झालं. विमान कोलमडत आलं ते पट्टीजवळच्याच भाऊच्या अंगणात. तिथं चटईवर बोंबील वाळत घातलेले आणि शेजारी भाऊची नात रिया कावळे हाकत बसलेली. चटईचे दोन तुकडे झाले. पोरीला खरचटलंसुद्धा नाही, पण ती किंचाळली ती किंचाळी सोमाच्या कानातून पुढं कितीतरी दिवस गेली नाही.

भाऊ ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "सोमा, आता अजून एक पडला ना, तर जागा गोदामाला. कबूल?"

"कबूल," सोमा म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

आता इंजिन का गप्प झालं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या विमानात टाकी मुद्दाम पोटात ठेवतात, पंखांच्या मधोमध. टाकी नाकाशी ठेवली तर ती जशी रिकामी होते तसं नाक हलकं होत जातं आणि विमानाचा तोल बिघडतो. मधे ठेवली की तोल जागचा हलत नाही. पण मग टाकी पोटात आणि इंजिन नाकात, मधे लांबलचक नळी. आडवं उडताना काही वाटत नाही. विमान उभं चढायला लागलं की इंधनालाही चढण चढावी लागते. सोमाच्या जुन्या इंजिनाला पंप नव्हता. सायलेन्सरमधून एक नळी टाकीत सोडलेली, तिच्यातल्या धुराच्या दाबावर जेवढं इंधन पुढं सरकेल तेवढं. आयत्या वेळी तो दाब पुरला नाही.

तेव्हा ठरलं, आता पंपवालं इंजिन. पण कुठलं? आषाढभर सोमाच्या डोक्याला हाच भुंगा. जेवताना तेच, झोपताना तेच. कमळा म्हणाली, "मुलीला स्थळ बघताना पन एवढा इचार नव्हता केला तुमी!"

सोमानं कामतघरच्या सुगतला गाठलं. सुगत गवत कापायच्या मशिनी आणि फवारणीचे पंप दुरुस्त करतो, आणि रविवारी सोमाबरोबर विमान उडवतो. दोघांनी दुकानात बसून काथ्याकूट केला. एक इंजिन होतं मिथेनॉलवर चालणारं. हलकं, ताकदीचं, पाठीला वेगळा पंप बसवलेला. सोमाचं मन त्याच्यावर.

"दादा, तुमचं विमान पावसाळाभर पडून असणार," सुगत म्हणाला. "त्या इंधनात एरंडेल असतं. ते आत सुकलं की पंपातला रबराचा पडदा कडक होतो. आणि पडदा मिळणार कुठं? बाहेरून मागवायचा. तोवर काय विमानाची आरती करायची?"

"मग?"

"पेट्रोलचं घ्या. थोडं जड आहे, पण याचा पंप कार्ब्युरेटरच्या पोटातच आहे. माझ्या मशिनींना असतो तसाच. आडवा धरा, उलटा धरा, ओढायचं ते ओढणारच. आणि बिघडला तर मी इथं उघडीन."

सोमानं अजून आठवडाभर मनाशी कुस्ती खेळून पेट्रोलचं घेतलं. सुगतनं ते बसवून दिलं आणि कार्ब्युरेटरच्या गोल, चपट्या झाकणावर बोट ठेवलं. मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक होतं. "हे सांभाळा. यातून आतल्या पडद्याला हवा लागते. हवा लागली तर पडदा हलणार, पडदा हलला तर इंधन सुटणार. हे बुजलं तर धीम्या रेसवर चालेल कदाचित, पण रेस वाढवली की उपाशी मरेल." मग दोघांनी विमान अंगणात घट्ट धरलं, नाक वर केलं आणि पूर्ण रेस दिली. इंजिन असं काही गर्जलं की शेजारची कुत्री पळाली. सोमा त्या रात्री बऱ्याच महिन्यांनी शांत झोपला.

भोकाचं मात्र त्यानं घरात कुणाला सांगितलं नाही. कशाला सांगेल? विमानाला हात लावणारं घरात होतं कोण!

दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला घरातलं झाडून सगळं लोखंड पुजतात. कोयता, विळा, ट्रॅक्टर, गाडी, गोदामाचं कुलूपसुद्धा. विमान तेवढं दरवर्षी माळ्यावर चादरीखाली पडून असायचं. यंदा सोमा झेंडू आणायला गेला आणि परत येऊन बघतो तर विमान ओटीवर! कमळानं ते स्वतः उतरवलेलं, पुसलेलं. तिनं हळद-कुंकू पाण्यात कालवलं, इंजिनाला बोटभर लावलं, वर अक्षता चिकटवल्या आणि हात जोडले.

"नीट उडव रे बाबा," ती इंजिनाला म्हणत होती. "पोराबाळांवर पडू नको."

सोमा दारातच थबकला. एवढी वर्षं सवत म्हणणारी बाई आज सवतीला कुंकू लावत होती. कुंकू नेमकं कुठं लावलं ते त्यानं बघितलं नाही. बघायला हवं होतं. पण अशा वेळी बायकोचा चेहरा बघायचा सोडून इंजिनाचं झाकण कोण बघत बसतो? गोल, चपटी, टिळ्यासाठीच केल्यासारखी जागा. तिला तीच दिसली. आणि पूजेचं कुंकू आमच्याकडे पुसत नाहीत. पेट्रोलच्या वासानं सण बाटेल म्हणून त्या दिवशी इंजिन सुरूही केलं नाही. सोमानं विमान तसंच चादरीत गुंडाळून वर ठेवलं.

कापणी झाली, पेंढा उचलला, पट्टी तयार झाली. पहिल्या उड्डाणाला भाऊ स्वतः आला, खुर्ची घेऊन. बांधावर बायका, पोरं आणि आजोबाच्या गुडघ्याला टेकून रिया. कमळाही आली, पहिल्यांदाच. थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर घेऊन ती मागं उभी राहिली. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण ती भाऊशी समोरासमोर कधी बोललेली नव्हती. तिच्या पिढीतल्या सुना थोरल्या दिराशी बोलत नाहीत.

इंजिन पहिल्या दोन झटक्यांत सुरू झालं. धीम्या रेसवर छान टकटकत होतं.

"नाक वर करून एकदा पूर्ण रेस देऊन बघू या, दादा," सुगत म्हणाला.

"अजून किती घोळ?" भाऊ खुर्चीतून म्हणाला. "उन्हं उतरली. उडवतो हायस का न्हाय?"

सगळ्यांचे डोळे सोमावर. "श्रावणात बघितलंय," तो म्हणाला आणि रिमोट उचलला. इथं चुकला तो. मी त्याच्या बाजूचा आहे, पण चुकला ते चुकला.

विमान धावलं, उचललं. अर्धी रेसही लागली नाही. पोरांनी गलका केला. सोमानं तिवरांवरून एक फेरी घेतली, विमान बांधासमोर आणलं, नाक वर केलं आणि रेस पूर्ण दिली.

इंजिन खोकलं.

तोच आवाज. सोमानं लगेच नाक खाली घेतलं, रेस उतरवली. इंजिन रडत रडत परत लागलं. जरा रेस वाढवली, की घरघर. उतरवली, की चालू. पण तेवढ्या रेसवर विमान हवेत टिकत नव्हतं, हळूहळू खाली येत होतं.

"धीम्यावरच आणा, दादा!" सुगत ओरडला. "पट्टीवर आणा!"

पट्टीवर आणायचं म्हणजे वळण घ्यायचं, आणि वळणाची वाट बांधावरून, माणसांच्या डोक्यावरून. पलीकडून वळवावं तर ट्रकांचा रस्ता. पोचलं असतंही कदाचित. दहातल्या सात वेळा पोचलं असतं. सोमाला भाऊच्या गुडघ्याशी रियाचा लाल फ्रॉक दिसला, तुटलेली चटई दिसली. इकडं खाडी होती. खाडीत घातलं म्हणजे विमान पडलं, आणि पडलं म्हणजे जागा गेली. कबूल तर त्यानंच केलं होतं.

"दादा, वळवा ना!" सुगत पुन्हा ओरडला.

सोमानं वळवलं. खाडीकडे. रेस पूर्ण बंद केली आणि नाक चिखलात घातलं. धप्प आवाज आला. तिवरांवरचे बगळे उडाले. सोमा खालीच बसला.

थोड्या वेळानं सुगतनं आणि त्यानं मांडीएवढ्या चिखलातून विमान ओढून आणलं. एक पंख मोडला होता, बाकी धड होतं. सुगतनं पाणी ओतून इंजिन धुतलं. चिखल वाहून गेला आणि कार्ब्युरेटरच्या झाकणावर लाल टिळा तसाच उरला, सुकून घट्ट झालेला. भोकाच्या तोंडाशी अक्षतेचा एक दाणा रुतला होता. सुगतनं सोमाकडे बघितलं. सोमानं पटकन त्यावर अंगठा ठेवला.

कमळा समोरच उभी होती.

"अंगठा काढा," ती म्हणाली.

"काय न्हाय गं, कचरा हाय."

"काढा बोलते ना!"

त्यानं काढला. तिनं बघितलं, सुगतला विचारलं, आणि सुगतनं मान खाली घालून भोकाचं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "म्हंजे मी पाडला," ती पुटपुटली.

"तुझा काय संबंध?" सोमा उसळला. "मी नाक वर करून बघायला पायजे होतं. मी बघितलं न्हाय. माझीच चूक हाय ती."

तेवढ्यात भाऊ खुर्चीवरून उठून आला. त्यानं विमानाकडे बघितलं, खाडीकडे बघितलं. "पोरांपासून लांब नेलास, बरा केलास," तो म्हणाला. "पन पडला ना? सोमा, सबूद दिलेलास. गोदामवाल्याला कळवतो मी."

सोमानं मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायची ताकदही नव्हती.

"सबूद यांनी दिला," मागून आवाज आला. "मी न्हाय दिला."

भाऊ वळला. कमळा डोक्यावरचा पदर नीट करून त्याच्या समोर उभी होती. नजर खाली नव्हती.

"सातबाऱ्यावर माझा पन नाव हाय, भाऊ. मी सही करनार न्हाय. रिया तुमच्याजवल उभी व्हती म्हनून यांनी आपला विमान चिखलात घातला, जागा जानार हाय म्हाईत असून. असा मानूस विमान उडवीत असेल तर मला भीती न्हाय. विमान बिघडवला तो मी."

ही बाई आपल्याशी बोलते आहे, हेच भाऊला आधी पचवावं लागलं असणार. मग त्यानं रियाचं बोट धरलं. "खुर्ची कुनीतरी घरी आना," तो म्हणाला आणि बांधावरून चालू लागला. गोदामाचं नाव त्यानं त्या दिवशी काढलं नाही आणि पुढंही काढलं नाही.

कमळा खाली बसली. हातातल्या बांगड्यांना अडकवलेल्या पिनांतली एक पिन तिनं काढली, विमानाचं नाक मांडीवर घेतलं आणि भोकातला अक्षतेचा दाणा अलगद उकरायला लागली. सोमा शेजारी चिखलानं माखलेला, नुसता बघत.

"पुढच्या दसऱ्याला कुंकू कुठं लावायचा ते आधीच सांगा," ती वर न बघता म्हणाली. "आनि आता फुंकर मारा हितं, मला नीट दिसत न्हाय."